हळू चालणाऱ्याची सहल

सहल ठरवायची म्हटलं की आपल्या घराघरांत पहिला प्रश्न निघतो, "काय काय बघायचं?" दुसरा, "गाडी कोणती करायची?" आणि तिसरा, "खर्च किती येईल?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण जन्मभर शाळेत मुलं सांभाळलेल्या माझ्यासारखीला वाटतं की त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा. आपल्यात सगळ्यात हळू कोण चालतं? त्या माणसाचं नाव कागदावर सगळ्यात वर लिहायचं आणि मग त्याखाली गावं, गाड्या, मुक्काम मांडायचे. असं केलं की सहल लहान होते हे खरं, पण ती सगळ्यांची होते.

हे आज लिहायला बसले त्याला कारण आमच्या घरात महिनाभर चाललेली चर्चा. पुण्याचा पुतण्या, त्याची बायको, दोन मुलं आणि इथली मंडळी मिळून समुद्रावर जायचं ठरलंय. चार दिवस. पुतण्याने घरच्या व्हॉट्सॲपवर बेत टाकला: अलिबाग, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, आणि येता येता महाबळेश्वर. खाली एक ओळ होती. "अक्काला हे झेपणार नाही. काकू, तुम्ही तिच्याजवळ थांबाल ना?"

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बाकी तब्येत काटक. लग्न होऊन पिंपळगावात आल्या त्या इथल्याच झाल्या. 1972 च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे. मी तेव्हा शिकत होते, त्यामुळे माझ्या हातात पुस्तक होतं आणि त्यांच्या हातात हातोडा. तो फरक मी कधी विसरलेले नाही. पंढरपूर, तुळजापूर, माहूर, शेगाव एवढा त्यांचा प्रवास. समुद्र पाहिलेला नाही. आम्हा मराठवाड्याच्या बायकांचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर! जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 साली झाली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. त्यानंतर कधीतरी नाथषष्ठीला गेल्यावर अक्कांनी ते पाणी पाहिलं आणि मला विचारलं होतं, "बाई, समुद्र याच्याहून मोठा असतो व्हय?" मी भूगोलाच्या पुस्तकातलं उत्तर दिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग एवढं पानी असून लोक तहानेने का मरत्यात?" खारं पाणी कशाला म्हणतात ते मी समजावून सांगितलं. पटलं की नाही कोण जाणे. खारं पाणी जिभेवर घेतल्याशिवाय पटायची गोष्ट नव्हे ती.

तर मुद्दा असा की 'झेपणार नाही' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पुतण्याचं प्रेम कमी आहे असं मुळीच नाही. दर दिवाळीला अक्कांना लुगडं आणतो, औषधाची चिठ्ठी फोनवर मागवून घेतो. पण त्याने आधी बेत आखला आणि मग त्या बेतात कोण बसतं ते पाहिलं. तो बेत खरं तर कोणालाच झेपणारा नाही. नकाशावर अलिबाग ते गणपतीपुळे अशी किनाऱ्याकिनाऱ्याने बोट फिरवायला सोपी रेघ दिसते. पण कोकणचा किनारा सलग नाही. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री अशा नद्या खाडी होऊन समुद्राला मिळतात. दर खाडीपाशी एक तर फेरीबोटीसाठी थांबायचं, नाहीतर आत जाऊन पुलावरून वळसा घालायचा. रस्ते वळणावळणाचे, चढउताराचे. म्हणजे चार दिवसांतले निम्मे तास गाडीत, मुलं मागच्या सीटवर ओकणार, सुनबाई सामान काढणार आणि भरणार, आणि दर संध्याकाळी "लवकर फोटो काढा, अंधार पडतोय" असा घोष. अक्का सोडाच, चाळीस वर्षांच्या माणसाला तरी हे कशासाठी झेपायला हवं?

शाळेच्या सहली मी पुष्कळ नेल्या. लाल डबा ठरवायचा, पालकांची संमतीपत्रं गोळा करायची, पहाटे चारला मुलं मैदानावर. त्या सहलींत एक नियम कोणी न लिहिता पाळला जायचा. एक शिक्षक पुढे आणि एक सगळ्यात मागे. मागचा शिक्षक शेवटच्या मुलाच्या मागे चालायचा. पुढच्याने कितीही घाई केली तरी रांग चालायची ती शेवटच्या मुलाच्या पायाने. किल्ल्यावर दोन ठिकाणं कमी पाहून झाली तरी चालेल, पण मोजणीत एक डोकं कमी भरलं तर चालायचं नाही. मग घरची सहल निघाली की हा नियम कुठे जातो? घरच्या सहलीत आपण शेवटच्या माणसाला सरळ घरीच ठेवून येतो, आणि मोजणी बरोबर भरली म्हणतो.

माझी एक भाची अमेरिकेत असते. तिच्याशी बोलताना हा विषय निघाला. ते लोक थंडीच्या दिवसांत मेक्सिकोतल्या कानकुन नावाच्या शहरी तीन-चार दिवसांसाठी जाऊन आले, सासू-सासऱ्यांना घेऊन. मला त्या गावाची गंमत वाटली. 1970 पर्यंत तिथे शहर नव्हतंच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, वस्ती अगदी तुरळक. मेक्सिकोच्या सरकारने ठरवून, आराखडा काढून तिथे पर्यटनाचं शहर उभं केलं. 2020 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या नऊ लाखांच्या घरात गेली होती. तिथली बरीचशी हॉटेलं अशी, की राहणं, खाणं, पिणं सगळ्याचे पैसे एकदाच भरायचे आणि बाहेर पडायची गरजच नाही. भाची म्हणाली, "मामी, सासूबाईंना तिथे फार बरं वाटलं. एकदा बॅग उघडली ती निघेपर्यंत तशीच. समोर समुद्र, बसायला खुर्ची." मी विचारलं, "आणि मेक्सिको कसा होता?" ती हसली. "मेक्सिको विमानतळावरून येताना दिसला."

यातला निम्मा धडा मला घ्यावासा वाटतो आणि निम्मा सोडावासा. घ्यायचा तो हा की थोडे दिवस असतील तर एकाच ठिकाणी मुक्काम करावा, बॅग एकदाच उघडावी. सोडायचा तो हा की जिथे फक्त पाहुण्यांसाठीच सगळं मांडलंय अशा आवारात स्वतःला कोंडून घ्यावं. म्हाताऱ्या माणसाला देखाव्याइतकीच माणसंही लागतात. मासळी विकणाऱ्या बाईशी अक्का भाव न करताही अर्धा तास बोलतील. पाऊस किती झाला, पीक काय, सुना कशा आहेत! असं बोलायला समुद्रकाठचं राहतं गाव लागतं. म्हणून मी चर्चेत रत्नागिरीचं नाव पुढे केलं. एकच गाव, तीन रात्री, फार तर एक दिवस गणपतीपुळे. बस्स.

रत्नागिरीच का, ते सांगते. हे जिल्ह्याचं गाव आहे. दवाखाने आहेत, औषधांची दुकानं आहेत, रिक्षा आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाबरोबर जाताना ही पहिली सोय. दुसरं म्हणजे तिथे समुद्र पाहायला वाळू तुडवलीच पाहिजे असं नाही. मांडवीला समुद्रात गेलेली जेटी आहे, तिथे कठड्याशी टेकून समुद्र पाहता येतो. भाट्याला लांबलचक किनारा आणि सुरूची झाडं. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे आणि देवमाशाचा सांगाडा आहे, नातवंडं तिथून निघायची नाहीत. लोकमान्यांचं जन्मघर गावातच. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत करून देशाबाहेर काढलं आणि रत्नागिरीत ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा अजून उभा आहे. 1916 साली तो इथेच वारला. तीस वर्षं समुद्राकाठी राहिला, पण त्या समुद्रावरून घरी जायची परवानगी काही मिळाली नाही. शाळेत इतिहास शिकवताना मी ही गोष्ट सांगायची तेव्हा वर्ग गप्प व्हायचा. आता ती जागा स्वतः पाहावी असं मलाही वाटतं. आणि हे सगळं रिक्षाच्या टप्प्यात!

आता जाण्याचं. पुतण्या पुण्याहून गाडीने येणार. त्याला रजा चारच दिवस, हे मला मान्य आहे. कंपनीतल्या नोकरीत काय असतं ते मी नाही सांगायचं. पण आम्हा दोघींना कुठे रजा टाकायची आहे? आम्ही एक दिवस आधी निघू आणि एक दिवस उशिरा परत येऊ. सगळ्यांनी एकाच गाडीत, एकाच वेळी निघालं पाहिजे हा हट्ट सोडला की निम्म्या अडचणी सुटतात. इथून भोकरदनमार्गे जालना. एसटीत 75 वर्षांपुढच्यांना 2022 पासून तिकीट नाही आणि बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट, म्हणजे अक्का फुकट आणि मी अर्ध्यात. आधार कार्ड मात्र जवळ हवं. जालन्याहून मुंबईला वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली. 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत नेली, पण जालन्याला थांबतेच. सकाळी बसलं की दुपारी ठाणं. बसायला खुर्च्या, आणि संडास खुर्चीचा, हे गुडघेवाल्यांसाठी महत्त्वाचं. रात्री ठाण्याला नातलगांकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यालाच मांडवी एक्सप्रेस पकडायची आणि दुपारी रत्नागिरी.

कोकण रेल्वेचा प्रवास हा सहलीतला वाया गेलेला दिवस असं पुतण्या म्हणतो. मला ते पटत नाही. ही रेल्वे पूर्ण व्हायला 1998 साल उजाडलं. डोंगर पोखरून, खाड्यांवर पूल टाकून काढलेला तो मार्ग आहे. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. आमच्या भागात सपाट काळी जमीन आणि क्षितिजापर्यंत कापूस, मका, मिरची. ज्या माणसाने जन्मभर हेच पाहिलं त्याला खिडकीतून हिरवा डोंगर, लाल माती, नारळ, पुन्हा अंधार, पुन्हा डोंगर हे पाहणं म्हणजे अर्धी सहल झालीच की. आणि खिडकीत बसून पाहायला गुडघे लागत नाहीत.

आरक्षणाबाबत दोन गोष्टी. पूर्वी 120 दिवस आधी तिकीट काढता यायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आली आहे. म्हणजे तारीख ठरवून त्या सकाळी कुणीतरी फोन घेऊन बसायचं. ज्येष्ठांना रेल्वेत मिळणारी भाड्यातली सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, तिचा हिशोब धरू नये. खालचा बर्थ मात्र पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना आणि साठ वर्षांवरच्या पुरुषांना देण्याकडे रेल्वेचा कल असतो. फॉर्ममध्ये वय बरोबर लिहायचं. आपल्याकडे वय कमी सांगायची सवय, ती इथे नडते!

कधी जायचं, यावर सर्वांत जास्त वाद झाला. मुलांच्या शाळेमुळे मे महिना सोयीचा. आंबाही असतो. पण मे मधला कोकणचा उकाडा आपल्या उन्हासारखा नसतो. आपल्याकडे ऊन भाजतं, तरी घाम वाळतो. तिथे घाम वाळतच नाही, म्हातारं माणूस दुपारपर्यंत गळून जातं. शिवाय गर्दी आणि खोल्यांचे चढे भाव. जून लागला की कोकणचा पाऊस, समुद्र खवळलेला, मासेमारी बंद, रेल्वेचं वेळापत्रकही पावसाळ्याचं वेगळं. दिवाळीत सगळं जग तिकडेच. म्हणून मी म्हणते, संक्रांतीनंतरचे दिवस. हवा कोरडी, सकाळ गार, गर्दी कमी. मुलांचे दोन-तीन दिवस शाळा बुडेल. बुडू द्या. एक निवृत्त मास्तरीण हे लिहितेय याची नोंद घ्यावी. आजीबरोबर समुद्र पाहिलेले तीन दिवस पुढे साठ वर्षं आठवतात. त्या तीन दिवसांत शाळेत काय शिकवलं ते मला स्वतःलाही आठवणार नाही, आणि शिकवणारी मीच होते.

आता भरती-ओहोटी. आम्हा समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना तिचं भान नसतं. आपण संध्याकाळ म्हटली की संध्याकाळ धरतो, पण समुद्राचं घड्याळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतं. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा एक जुना हिशोब आहे. तो कळला तेव्हा मला लहानपणी घोकलेली पाऊणकी आठवली. तिथीची पाऊणकी म्हणायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर पाऊण आठे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी मागे गेलेलं असतं. हिशोब ढोबळ आहे, नेमकी वेळ तिथल्या माणसांना विचारावी. पण बेत आखायला पुरतो. पावकी-निमकी-पाऊणकी कशाला घोकायची, असं विचारणारी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असायची. त्यांना हे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हतं, आता आहे!

हे एवढं का पाहायचं? कारण कोरड्या वाळूत म्हातारा पाय रुततो, काठी रुतते, दहा पावलांत दम लागतो. ओहोटीला जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते तिच्यावर चालणं अंगणात चालण्यासारखं. कोरड्या वाळूचा पट्टा तेवढा दोघांनी धरून ओलांडून द्यायचा. पौर्णिमेची भरती मोठी असते, म्हणून पाणी फिरलं की वेळेत वर यायचं, रेंगाळायचं नाही.

आणि इथेच मला तरुणांसाठी दोन शब्द लिहायचे आहेत. म्हाताऱ्यांना घेऊन गेलात तर त्यांची काळजी वाटते ती पडण्याची. पण समुद्रावर जीव जातात ते बहुधा धडधाकट पोरांचे. आपल्या भागातली मुलं विहिरीत पोहायला शिकतात. काठावरून उडी मारायची, चार हात मारायचे, पायऱ्या धरायच्या. त्यांना वाटतं आपल्याला पोहता येतं. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं नसतं. परत जाणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते आणि माणसाला आत ओढते. गणपतीपुळ्याचा किनारा तर उतरता म्हणून प्रसिद्ध आहे, तिथे पाण्यात उतरू नका असं जागोजागी लिहिलेलं असतं. तिथलं देऊळ अगदी समुद्राला लागून, पश्चिमेकडे तोंड केलेलं. टेकडीलाच प्रदक्षिणा घालतात. दर्शन घ्यावं, लाट पावलांवर घ्यावी आणि मागे फिरावं. घोट्याच्या वर पाणी नको, हा आमच्या सहलीचा नियम मी आधीच लिहून ठेवलाय, आणि तो अक्कांपेक्षा पुतण्याच्या थोरल्या मुलासाठी जास्त आहे.

मग उरतात त्या न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी. त्या मी बोलते. आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. का? संडासाची सोय कुठे असेल या भीतीने. सकाळपासून घोटभर चहावर राहायचं, मग दुपारी चक्कर, आणि घरचे म्हणतात, "पाहा, झेपलं नाही." झेपलं नाही की प्यायला मिळालं नाही? म्हणून प्रत्येक टप्प्यावर संडास कुठे आहे ते आधी पाहून ठेवायचं, फोन करून विचारायचं. खोली तळमजल्याची, संडास खोलीतच आणि खुर्चीचा. समुद्र खिडकीतून दिसला नाही तरी चालेल, पण जिना नको. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, सामानात नाही. निघण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवायचं. खाण्याचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी तिथे सहज मिळत नाही, तांदळाची मिळते. घावन, आंबोळी, सोलकढी, उकडीचे मोदक, दात नसलेल्या माणसाला याहून चांगलं काय! घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलं की तिखट बेताने घालतात. अर्थात आम्ही मिरचीच्या बाजाराच्या गावचे, आमची तक्रार उलटीच असायची.

दुसरी न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे सुनांची. म्हातारं माणूस बरोबर असलं की कुणीतरी त्याच्याजवळ बसायचं असतं, आणि ते कुणीतरी म्हणजे नेहमी सून. ती समुद्रावर जाऊनही समुद्र पाहत नाही. पुतण्याच्या बायकोने मला हे स्पष्ट सांगितलं नाही, पण "अक्का आल्या तर छानच" म्हणताना तिचा आवाज बारीक झाला तो मी ऐकला. तिचं चुकत नाही. म्हणून मी कागदावर पाळ्या लिहिल्या आहेत. सकाळी मी, दुपारी पुतण्या, संध्याकाळी थोरला नातू. सुनबाईचं नाव पाळीत घातलेलंच नाही. पहाटे उठून नवरा-बायकोने रत्नदुर्गावर जावं, भगवती देवीचं दर्शन घ्यावं, मुलांना घेऊन चढावं, उतरावं, हवे तेवढे फोटो काढावेत. आम्ही दोघी तोवर चहा घेत बसू. सहल एकत्र म्हणजे प्रत्येक पाऊल एकत्र असा अर्थ नाही. जेवायला आणि सूर्यास्ताला सगळे एका जागी असले की पुरे.

माझा म्हणून एकच हट्ट आहे. गणपतीपुळ्याच्या दिवशी येताना-जाताना आरे-वारेच्या किनाऱ्यावरचा रस्ता धरायचा आणि शेजारी मालगुंडला थांबायचं. केशवसुतांचं हे जन्मगाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. 'तुतारी' मी किती वर्षं शिकवली त्याची गणती नाही, पण ती लिहिणारा माणूस कोणत्या मातीत वाढला ते पाहिलेलं नाही. अर्धा तास पुरेल. नातवंडांना कंटाळा आला तर बाहेर झाडाखाली बसतील.

पुतण्या म्हणतो, "काकू, एवढ्या लांब जायचं आणि एकच गाव बघायचं? परत कधी जाणं होईल?" हा प्रश्न मला खरा वाटतो. मध्यमवर्गाच्या आणि शेतकऱ्याच्या घरात सहल वारंवार होत नाही, म्हणून एका सहलीत सगळं कोंबायचा मोह होतो. पण त्याच्या बाबतीत 'परत कधी' याला उत्तर आहे. तो चाळीसचा आहे. दिवेआगर, हरिहरेश्वर कुठे पळून जात नाहीत, पुढच्या वर्षी जाईल, नाहीतर दहा वर्षांनी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी 'परत कधी' या प्रश्नाचं उत्तर वेगळं असतं, आणि ते सगळ्यांना माहीत असतं म्हणूनच कोणी मोठ्याने म्हणत नाही. मग ही सहल कोणाच्या सोयीने व्हावी?

माझ्या पिढीच्या मैत्रिणींनाही एक सांगायचं आहे. आपण स्वतःच पहिल्यांदा 'मला नाही झेपायचं, तुम्ही जा' म्हणून मोकळ्या होतो. त्यात समजूतदारपणा असतो, थोडा मानही असतो. पण घरचे ते खरं धरतात आणि दुसऱ्यांदा विचारत नाहीत. जायचं असेल तर तोंडाने म्हणा की मला जायचंय. मी म्हटलं. अक्कांनाही म्हणायला लावलं. दोन दिवस 'नको बाई, पोरांना तरास' चाललं होतं. तिसऱ्या दिवशी दळण निवडता निवडता त्यांनी विचारलं, "समुद्राची ओटी भरत्यात का? खन-नारळ घ्यावा का संगं?" मी म्हटलं, कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात, तुम्ही केव्हाही वाहा, समुद्र नाही म्हणायचा नाही. ट्रंकेतला खण त्याच दुपारी बाहेर आला.

पुतण्याला माझा कागद पाठवला आहे. त्याचं उत्तर आलं, "काकू, महाबळेश्वर तरी ठेवू या का?" म्हणजे बाकीची पाच गावं पडली, असं मी धरते. महाबळेश्वरही पडेल. रत्नागिरीत तळमजल्यावरची, जिना नसलेली घरगुती खोली कुणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवा. आणि तुमच्या घरात 'झेपणार नाही' म्हणून मागे राहणारं कोण आहे, तेही एकदा आठवून पाहा. सहलीचा कागद त्यांच्या नावापासून सुरू करा. असो.